परबांची नव्वद सालची बाटली

परब कुणाच्याही घरी गेले की आधी दारातच वास घ्यायचे आणि मग चपला काढायचे. आम्ही मुलुंडला राहायला आलो त्याच आठवड्यात हा माणूस समोरच्या दारातून निघून आमच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. उंच, हडकुळा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मान जराशी पुढे काढलेली. नमस्कार नाही, नावगाव नाही. दोनदा नाकाने हवा ओढली आणि म्हणाले, "वहिनी, फणसाची भाजी दिसते. मोहरी जरा जास्त तापली." मोहरी खरंच करपली होती. आमचे हे खो खो हसत सुटले, मला मात्र अस्सा राग आला म्हणता. तेवढ्यात मागून त्यांची बायको आली, रजनी. नाजूक चणीची, हसली की डोळे बारीक व्हायचे. म्हणाली, "ताई, मनावर घेऊ नका. ह्यांना बोटीवर ह्याच कामाचा पगार मिळतो."

आता ते नाक नाही, रजनी नाही, ती इमारतही नाही. परबांना जाऊन वर्ष होत आलं. गेले ते कल्याणला, पुतण्याच्या घरी, दुपारच्या झोपेत. मला फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. निवडून पूर्ण केली आणि मग रडले. माझ्या वयाच्या बाईला आता कुणी गेल्याचं नवल वाटत नाही. पण ह्या माणसाचं जे झालं ते कुणाला सांगायचं तर आधी परब कोण ते सांगायला हवं. म्हणून लिहितेय.

परब मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते आणि दारूपायी गेले, पोरं लहान असताना. तेव्हापासून परबांच्या आईने, सगळे तिला आयेच म्हणायचे, घरात दारूचा थेंब येऊ दिला नव्हता. सणाला सोलकढी जरा आंबली तरी ओतून द्यायची म्हातारी. आणि तिचाच मुलगा परदेशी प्रवासी बोटींवर वाईन वाढायच्या कामावर. नशिबाची थट्टा म्हणायची तर ही. आयेला एवढंच माहीत की लेक बोटीवर जेवण वाढतो. खोटं नव्हतंच ते, अर्धं होतं. जेवणाबरोबर कुठली वाईन जाईल, ती किती गार हवी, बाटली नासली आहे की चांगली, हे सांगणारा माणूस म्हणजे परब. साहेब लोक ग्लास पुढे करून यांच्या तोंडाकडे बघत राहायचे. हे नाक आत घालायचे आणि मान हलवायचे, की बाटली टेबलावर. नाही हलवली, की परत.

लग्नानंतर दोनतीन वर्षांनी ते फ्रान्समधून एक बाटली घेऊन आले. बोर्दोची लाल वाईन, नव्वद सालची. नव्वद साली यांचं लग्न झालं होतं. त्या वर्षी तिकडे द्राक्षांना ऊन फार छान मिळालं होतं म्हणे, म्हणून ते साल नावाजलेलं. मळ्याचं नाव मला कधी धड उच्चारता आलं नाही, परब म्हणायचे तेव्हा ते नाकातून यायचं. रजनीच्या हातात बाटली देऊन त्यांनी तिला सांगितलं होतं की ही आत्ता कच्ची आहे, उघडू आपल्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, दोघं मिळून. तोवर घराबाहेर जाऊ द्यायची नाही, ही आपल्या घरची. मूलबाळ झालं नाही त्यांना. मला वाटतं, त्यामुळे त्या बाटलीत दोघांचा जीव जरा जास्तच गुंतला.

परब बोटीवर गेले आणि रजनीची पंचाईत झाली. आयेपासून बाटली लपवायची कुठे? तिने ती जुन्या लुगड्यात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवली, पितळी घंगाळाच्या मागे. पण दिवाळीची साफसफाई निघाली आणि आयेने खाली खुर्ची टाकून बसत हुकूम सोडला की घंगाळ आधी काढ. रजनी तशीच पिशवी घेऊन माझ्याकडे धावत आली. वर कोथिंबिरीची जुडी, खाली बाटली. म्हणाली, "ताई, एवढी ठेव गं तुझ्याकडे. म्हातारीला दिसली तर ती अन्नपाणी सोडेल आणि ह्यांना कळलं की घराबाहेर गेली तर हे बोलणं सोडतील." तोवर आमचं अगंतुगं झालं होतं.

मी काय केलं? आपण बायका जे करतो तेच. मसाला असो, मिठाई असो, नासू नये म्हणून उचलून फ्रिजमध्ये. उभी मावेना, म्हणून खालच्या कप्प्यात आडवी घातली, वर मेथीची जुडी. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

आये असेपर्यंत ती बाटली माझ्याच फ्रिजमध्ये राहिली. परब सुट्टीवर यायचे त्याच्या आदल्या दिवशी रजनी ती नेऊन माळ्यावर ठेवायची. आल्या आल्या ते स्टुलावर चढून हात लावून बघायचे, हिला दाखवायचं असायचं ना, की बघा, आहे जपून. दुसऱ्या दिवशी पोळ्यांच्या डब्याआड बाटली परत माझ्याकडे. दसऱ्याला तर मजाच. आपल्याकडे अवजारांची पूजा करतात. रजनी घरी सुरी, कात्री, विळी मांडायची, त्यातच परबांचा बूच काढायचा स्क्रू, आयेला सांगायची की हा डबे उघडायचा आहे. आणि मग हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल घेऊन माझ्याकडे यायची, फ्रिज उघडायची आणि बाटलीला फूल वाहायची. मी म्हणायचे, अगं, दार लाव, थंडी जातेय. ती हात जोडून उभी. आमचे हे म्हणायचे, देव्हाऱ्याला एवढं गार ठेवलं असतं तर देवही प्रसन्न झाले असते.

आये गेली, त्याच सुमाराला परब बोटी सोडून घरी आले आणि बाटली रजनीच्या स्वतःच्या फ्रिजमध्ये गेली, दसऱ्याचं फूलही आता तिथेच, परबांच्या देखत. अंधेरीला हॉटेलातल्या नोकऱ्यांचं शिक्षण देणारा एक क्लास होता, तिथे परब वाईनबद्दल शिकवायला जायला लागले. घरी तालीम आमच्यावर. लांब देठाचे ग्लास, त्यात कोकम सरबत, समोर रजनी आणि मी दोन वयस्क विद्यार्थिनी. कधीमधी नाशिकची खरी वाईन, घोटभर. आधी ग्लास तिरका करून पांढऱ्या कागदावर धरायचा आणि रंग बघायचा, मधला आणि कडेचा. मग फिरवून वास. मग चव. "मत सगळ्यात शेवटी," ते बोट वर करून म्हणायचे. "बाटली बघून मत नाही, किंमत ऐकून मत नाही. चाखल्याबिगर मेली म्हणायचं नाही आणि जिवंतही म्हणायचं नाही. मुडदाही असला तरी डॉक्टर आधी नाडी बघतो का नाही?" आणि दुसरं एक ठरलेलं वाक्य, मालवणीत, "नाक खोटां बोलणा नाय, तोंड बोलता." मी म्हटलं की ह्या वाईनला शाळेतल्या नव्या दप्तराचा वास येतो, तर हसायची सोय नाही. टाळी वाजवायचे. म्हणायचे, वहिनी, मोठमोठे लोक हेच सांगतात, फक्त पैसे घेऊन.

हे सगळं चालायचं तेव्हा रजनी वाईनकडे बघायचीच नाही. नवऱ्याकडे बघत बसायची.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली. तिने पुरणपोळ्या केल्या, सुरमई तळली, दोन चांगले ग्लास धुऊन पुसून ठेवले. आम्हाला जेवायला बोलावलं होतं. जेवणं झाली, पानं उचलली तरी बाटली काही बाहेर येईना. रजनीने आठवण केली. परब तिच्याकडे न बघता म्हणाले, "तिका अजून वेळ आसा." पिकायची आहे म्हणाले. पुढच्या वर्षीही तेच. त्याच्या पुढच्याही. आमच्यात तो विनोदच झाला. पाहुणे उशिरा आले, डाळ शिजेना, लिफ्ट येईना, की रजनी म्हणणार, "तिका अजून वेळ आसा." सगळे हसायचे. परब हसायचे नाहीत, हे मला तेव्हा दिसलं नाही. मला वाटायचं, माणूस कवडीचुंबक आहे. जपून ठेवण्यातच ज्यांना सुख, त्यातला एक.

मग तो मोठा आजार आला, सगळं जग घरात बसलं तेव्हाचा. परबांना ताप आला, उतरला, पण वास गेला तो गेलाच. इतरांचा महिनाभरात परत आला, यांचा नाही. कुठले कुठले डॉक्टर केले. कुणी लवंग हुंगा म्हणालं, कुणी निलगिरी. रोज सकाळी खिडकीत बसून असल्या तेलांच्या चार बाटल्या हुंगायचे, शाळेच्या पोरासारखे. काही नाही. क्लास सुटला. पण सवय कुठे जाते? चहाचा कप आला की मान पुढे, नाक आत, आणि मग सरळ व्हायचे. त्या वेळी त्यांच्या तोंडाकडे बघवायचं नाही. आपल्याच घराचं दार वाजवावं आणि आतून कुणी ओ देऊ नये, तसं व्हायचं ते तोंड. एकदा मला म्हणाले, "वहिनी, रजनी समोर बसलेली असते आणि मला वाटतं फोटो बघतोय." आणि मग वेळ मारून न्यायला हसले.

त्यानंतर रजनीचं पोटाचं दुखणं निघालं. निघालं तेव्हाच हाताबाहेर गेलेलं. मी रोज दुपारी जाऊन बसायचे. केस गेलेले, तोंड कोरडं, अन्नाची वासना नाही. एक दिवस परब चमच्याने पाणी पाजत होते. घोट गिळून ती म्हणाली, "अहो, आता उघडा ना ती. एकच घोट."

परबांचा चमचा तसाच हातात. मला वाटलं, उठतील, फ्रिजपाशी जातील. ते म्हणाले, "तिका अजून वेळ आसा, रजनी."

रजनी हसली. माझ्याकडे मान वळवून म्हणाली, "बघ ना ताई. ह्यांचा वेळ काही संपत नाही."

मी तिथून उठले ते थेट घरी आले. मला वाटलं हा माणूस नाही. स्वतःचं नाक गेलं, स्वतःला काही कळणार नाही, म्हणून मरत्या बायकोला घोटभर द्यायची नाही? एवढा आपलपोटेपणा? रजनीने त्यानंतर पुन्हा मागितली, ते तिनेच मला सांगितलं. यांनी दिली नाही. ती गेली. तिच्या कार्याला मी उभी राहिले, सगळ्यांना वाढलं, परबांना पाणी दिलं, पण शब्द बोलले नाही. समोरासमोर दारं. ते बाहेर आले की मी आत. ते जिन्यात दिसले की "वहिनी" म्हणायचे, मी मान हलवायचे आणि कुलूप लावायचे.

असं बरेच दिवस चाललं. मग इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. सह्या झाल्या, बिल्डरच्या नोटिसा आल्या, एकेक घर रिकामं व्हायला लागलं. जिन्यात भिंतीला टेकवलेली कपाटं, दोरीने बांधलेल्या गाद्या. मी भाड्याने जवळच जागा बघितली होती, परब पुतण्याकडे जाणार होते. त्यांचा टेम्पो यायच्या आदल्या दुपारी माझी बेल वाजली. दारात परब. वास घ्यायला मान पुढे काढली नव्हती, हे मला एकदम जाणवलं.

म्हणाले, "वहिनी, तुम्ही बोलत नाही ते ठीक आहे. माझं एक काम आहे. ती बाटली ओतून टाकायचीय. पण न चाखता मी बाटली ओतलेली नाही कधी, आणि माझं नाक गेलेलं. तुमचं नाक द्या थोडा वेळ. मेल्याचं सांगा, की मी ओततो."

मी नाही म्हणणार होते. पण गेले. रजनीच्या घरात शेवटचं जाणं होतं ते.

घर म्हणजे नुसती खोकी. भिंतीवर देव्हाऱ्याचा चौकोन उरलेला. ओट्यावर बाटली उभी. गाळ खाली बसावा म्हणून त्यांनी ती आदल्या दिवशीच उभी करून ठेवली होती. शेजारी पांढरा कागद, दोन ग्लास, तो स्क्रू. स्क्रूच्या लाकडी मुठीवर जुन्या कुंकवाचा डाग होता. परबांनी बाह्या दुमडल्या आणि काय सांगू, माणूसच बदलला. बूच हळूहळू, जराही धक्का न देता, अख्खं बाहेर काढलं. ते हातात फिरवून बघत राहिले. दाबून बघितलं. पुटपुटले, "ओलं आहे." मी म्हटलं, मग? तर म्हणाले, काही नाही, कधी कधी राहतं.

मग मला मोबाईलचा दिवा बाटलीच्या मानेमागे धरायला लावला आणि एका धारेत वाईन ओतली, गाळ मानेशी आला तिथे थांबले. ग्लास कागदावर तिरका केला. मलाही दिसत होतं. मधोमध पिकल्या कोकमासारखा रंग, कडेला विटेसारखा. परब बघत राहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काळपट व्हायला हवी होती," म्हणाले. "असो. रंग फसवतो. घ्या वहिनी. शिरका येतो का, व्हिनेगरचा वास?"

मी नाक आत घातलं. आधी काहीच नाही, बंद ट्रंक उघडल्यावर येतो तसा एक. फिरवा, म्हणाले, हवा लागू दे. फिरवलं. परत घातलं. आणि मी तिथेच थांबले.

"शिरका?" परब.

"नाही."

"गूळ करपल्यासारखा?"

"नाही."

"ओला पुठ्ठा? बुरशी?"

"नाही हो भाऊजी. वाळलेलं जांभूळ आहे. मनुका. पेन्सिलीला टोक काढल्यावर येतो तो वास. माझ्या वडिलांच्या चंचीतला तंबाखू. आणि गुलाबाचा हार सुकल्यावर पाकळ्यांना येतो ना, तो. खूप आतून येतोय."

परबांचा चेहरा पांढरा पडत गेला. म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून बोलू नका. पाया पडतो तुमच्या."

मी म्हटलं, "नाकाचंच सांगतेय. तुम्हीच शिकवलंत."

त्यांनी दुसरा ग्लास उचलला आणि घोट घेतला. वास नसला तरी जिभेला आंबट कळतं, तुरट कळतं. तोंडात इकडून तिकडे फिरवला, गिळला, वाट पाहिली. परत घेतला. मग मागे सरकत सरकत एका खोक्यावर बसले. खोक्यात भांडी होती, ती वाजली.

"आंबलेली नाही," ते म्हणाले. "मऊ झालीय. साय धरल्यासारखी. अशी मी बोटीवर सुद्धा क्वचित..." आणि थांबले. "पण ती तर गॅसच्या वर शिजत होती. आये असेपर्यंत, सगळी वर्षं. मी हात लावून बघितलंय वहिनी, चहाच्या कपासारखी गरम लागायची. बूच सुकलं असणार, उभी ठेवलेली. मे महिन्यात त्या माळ्यावर माणूस जगणार नाही."

"कुठे शिजत होती?" मी म्हटलं. "ती माझ्या फ्रिजमध्ये होती. खालच्या कप्प्यात, आडवी. तुम्ही यायचात तेव्हा एका दिवसापुरती माळ्यावर जायची. तुम्हीच म्हणाला होतात ना, घराबाहेर न्यायची नाही, म्हणून तुम्हाला सांगायचं नव्हतं तिला."

खाली कुणीतरी कपाट उतरवत होतं, मुकादम ओरडत होता. मग परब बोलायला लागले ते माझ्याशी नाही, त्या ग्लासाशी.

पहिल्यांदा सुट्टीवर आल्या आल्या बाटलीला हात लावला आणि समजले की ही गेली. रजनी खाली उभी, तोंड वर करून, केवढी खूश, की बघा कशी जपली. तिला काय सांगणार? की तुझ्या जपण्याने मेली? तेव्हापासून त्यांनी ठरवलं की ही बाटली उघडायची नाही, रजनीच्या देखत तर नाहीच. बंद आहे तोवर ती चांगली आहे, निदान तिच्यापुरती. पंचविसाव्या वाढदिवसाला हेच. आये गेल्यावर फ्रिजमध्ये ठेवलेली दिसली तेव्हा त्यांना वाटलं, बिचारी मढं बर्फात ठेवतेय. आणि शेवटी तिने घोट मागितला तेव्हा... "मरताना तिच्या तोंडात शिरका घालू? आणि तिला कळू दे, की दसऱ्याला ती कशाला फुलं वाहत होती?"

मी जिला आपलपोटेपणा म्हणत होते, ती ही गोष्ट होती.

"रंग, वास, चव, मग मत," परब म्हणाले. "जन्मभर पोरांना शिकवलं. आणि माझ्या घरच्या बाटलीला मी नुसता हात लावला आणि मत दिलं." मग माझ्याकडे बघितलं. "वहिनी, तिने तुमच्याजवळ काही म्हटलं होतं? खरं सांगा."

काय करणार होते मी? त्या माणसासमोर ग्लास हातात धरून दुसरं काही बोलता येत नव्हतं. मी सांगितलं. शेवटच्या दिवसांत रजनी मला म्हणाली होती, "ताई, मला चव कुठे कळतेय आता? नासलेली असली तरी चालेल गं. ह्यांनी ग्लास धरून मला समजावून सांगायला हवं होतं. वाईनबद्दल बोलतात ना, तेवढंच माझ्याकडे बघून बोलतात."

परबांनी मान खाली घातली. रडतील असं वाटलं, बरं झालं असतं. नाही रडले. जरा वेळाने म्हणाले, "अशी म्हातारी वाईन उघडल्यावर फार टिकत नाही. थोडा वेळ फुलते आणि जाते. तुम्ही सांगत राहा. थांबू नका."

मी दुसरं खोकं ओढून समोर बसले. ग्लास नाकाशी धरला आणि सांगत राहिले. जांभूळ पुढे आलं होतं. गुलाब होता, आधीपेक्षा जास्त होता. मध्येच चंदनाच्या खोडासारखं काहीतरी आलं, तेही सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते आणि ओठ हलत होते, माझे शब्द परत म्हणत होते, आणि मला कळलं की ते कुणाला सांगताहेत. एकदा "गो" असंही म्हणाले. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

ऊन ओट्यावरून खाली उतरलं.

"आता?" ते विचारायचे.

गुलाब गेला, मी म्हटलं.

"आता?"

जांभूळ राहिलंय थोडं. लाकूड आहे.

"आता?"

नुसतं लाकूड.

मी ग्लास फिरवला, पुन्हा फिरवला. तळहाताने धरून ऊब दिली. नाक इतकं आत घातलं की टोकाला ओल लागली. काहीतरी सापडावं म्हणून माझ्या जिवाचा नुसता आटापिटा चालला होता.

"आता, वहिनी?"

"आता काही नाही, भाऊजी."

त्यांनी हात पुढे करून माझ्याकडून ग्लास घेतला. सवयीने मान पुढे काढली, नाक आत घातलं, आणि ह्या वेळी सरळ झाले नाहीत. तसेच वाकून बसून राहिले.